भाऊंचं आडनाव बारीक का?

मालाडच्या कुठल्याही नाक्यावर मान वर करून पाहिलं तर फ्लेक्सवरची अक्षरं दोन जातींची दिसतात. एक जात फोटोवर बसलेली आणि दुसरी फोटोत शिरलेली. पहिल्या जातीत भाऊंचा चेहरा असतो, मागे उगवता सूर्य, कोपऱ्यात डरकाळी फोडणारा सिंह, आणि या सगळ्यांच्या छातीवर सपाट पसरलेलं ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. दुसऱ्या जातीतली अक्षरं भिंतीवर किंवा रस्त्यावर खरोखर कुणी रंगवल्यासारखी दिसतात. जवळचं अक्षर मोठं, लांबचं लहान, ओळ भिंतीबरोबर तिरकी. ही दुसरी जात आमच्याकडे दुर्मीळ. ती का दुर्मीळ, हे मी एका फ्लेक्सच्या दुकानात प्लास्टिकच्या स्टुलावर बसून पाहत आलोय आणि माझं मत असं झालंय की दोष सॉफ्टवेअरचा नाही. पर्स्पेक्टिव्हमध्ये कुणाला तरी लहान व्हावं लागतं आणि मालाडात लहान व्हायला कुणी तयार नाही.

स्टुलावर बसण्याचं कारण आमची सोसायटी. तिला पन्नास वर्षं झाली. पुनर्विकासाला जाण्याआधी तिची एक स्मरणिका काढावी, असा ठराव वार्षिक सभेत झाला; त्या सभेत एकमताने झालेला तेवढाच. मुखपृष्ठावर इमारतीचा फोटो आणि भिंतीवर ठळक अक्षरांत सोसायटीचं नाव. अडचण एवढीच की भिंतीवर नाव नाही. पूर्वी होतं. सिमेंटची उठावदार अक्षरं एकेक करून गेली, आणि २०२१च्या तौक्ते वादळात ‘को-ऑप.’मधला ‘ऑ’ कुणाच्या तरी स्कूटरवर उतरल्यावर उरलेली आम्हीच काढून घेतली. नवीन अक्षरं बसवायला परांची बांधायचा खर्च खजिनदारांनी ऐकला आणि म्हणाले, “पाडायच्या इमारतीला पाटी कशाला? फोटोतच लावा की.”

म्हणून दफ्तरी रोडच्या मागचं हे दुकान. बाहेर झेरॉक्स, आधार प्रिंट, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो. आत फ्लेक्सचं मशीन, वितळलेल्या प्लास्टिकचा वास आणि एक ऑपरेटर. वय पंचविशीचं, कानात एकच इअरफोन, कारण दुसरा कान गिऱ्हाइकाचा. तुम्ही काय लिहून आणलंय याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. त्याच्या लेखी जन्म, मृत्यू, उद्घाटन, निषेध सगळं ‘मॅटर’. “काका, मॅटर फायनल आहे ना?” हा त्याचा पहिला प्रश्न, आणि ते फायनल नसतं हे त्याला अनुभवाने ठाऊक.

आधी फोटोबद्दल सांगतो. मालाड पूर्वेला अख्ख्या इमारतीचा फोटो काढायचा तर मागे सरकावं लागतं, आणि मागे सरकायला जागा नसते. समोरच्या सोसायटीच्या भिंतीला पाठ लावून मोबाइल वर करायचा, की इमारत फोटोत आरामखुर्चीत रेलल्यासारखी येते. म्हणजे आडव्या रेषा एका बाजूला जवळजवळ येत जातात, आणि उभ्या रेषाही वर आकाशात एकमेकींकडे झुकतात. मालाड स्टेशनाच्या पुलावरून कांदिवलीकडे पाहिलं की रूळ लांबवर एका टिंबात मिळालेले दिसतात, तसली दोन टिंबं या एका फोटोत. (रूळ खरंच मिळत असते तर बोरिवली फास्ट आजवर एकदाही पोचली नसती.) त्या टिंबाला व्हॅनिशिंग पॉइंट म्हणतात. भिंतीवर अक्षरं बसवायची तर त्यांच्या रेषाही त्याच टिंबांकडे जायला हव्यात. नाहीतर डोळा लगेच सांगतो की हे नंतर चिकटवलंय. कारण सांगता येत नाही, पण सहावीतल्या पोरालाही कळतं.

इथे देवनागरी आपल्याला अडचणीत आणते. रोमन अक्षरं सुटी सुटी उभी असतात, थोडं इकडेतिकडे झालं तर खपून जातं. आपल्याकडे प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर शिरोरेषेची पट्टी! शब्द जरा चुकीचा तिरका झाला की ती पट्टी शेजारच्या छज्ज्याशी भांडताना दिसते. ऑपरेटरने शिरोरेषा खिडकीच्या रेषेला जुळवायला घेतली, तेव्हा लक्षात आलं की आमच्या इमारतीत दोन खिडक्यांची रेष एक नाही. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे ग्रिल बाहेर काढलंय. दुसऱ्या मजल्याने बाल्कनी बंद केलीय, तिसऱ्याने त्यात तुळस ठेवलीय, चौथ्याच्या एसीचं यंत्र लोखंडी घोडीवर तिरकं लटकतंय. पोराने तीनदा रेघ ओढून पाहिली. मग म्हणाला, “काका, तुमच्या बिल्डिंगचं पर्स्पेक्टिव्ह मेंबरमेंबरचं वेगळं आहे.” सेक्रेटरींनी हे वाक्य सभेच्या इतिवृत्तात घ्यायला हवं होतं. शेवटी गच्चीचा कठडा कामी आला. तेवढीच एक रेष सामाईक.

मग अक्षरं. फोटोशॉपमध्ये मजकूर टाइप केला की तो जिवंत असतो. शुद्धलेखन सुधारता येतं, फॉन्ट बदलता येतो. तो लहानमोठा करता येतो, फिरवता येतो, कलता करता येतो. पण कंट्रोल-टी दाबून ‘पर्स्पेक्टिव्ह’ किंवा ‘डिस्टॉर्ट’ मागितलं की ते पर्याय मंद करड्या रंगात पडून राहतात. जिवंत अक्षराला एका टोकाला चेपता येत नाही. त्यासाठी आधी त्याचं चित्र करावं लागतं, दुकानाच्या भाषेत ‘रास्टराइज मारावं’ लागतं. एकदा चित्र झालं की ते हवं तसं वाकतं, पण त्यातला ऱ्हस्व-दीर्घ कायमचा गोठतो. ‘ग्रुहनिर्माण’ असं छापलेल्या पाट्या गावभर दिसतात, त्यांतल्या निम्म्या या टप्प्यावर गोठल्या असाव्यात असा मला दाट संशय आहे. यावर उतारा ‘स्मार्ट ऑब्जेक्ट’चा. मजकूर एका पेटीत घालायचा, पेटी वाकवायची. चूक निघाली की पेटी उघडून आतलं अक्षर दुरुस्त करायचं, बाहेरचा बाक तसाच राहतो. स्मार्ट ऑब्जेक्ट २००५च्या सीएस-टू आवृत्तीत आलं, आणि त्याच आवृत्तीत ‘व्हॅनिशिंग पॉइंट’ नावाचं फिल्टरही. भिंतीचे चार कोपरे टिचकीने दाखवले की त्यात जाळी उमटते. जाळी निळी आली तर कोपरे बरोबर, पिवळी किंवा लाल आली तर असली भिंत जगात असू शकत नाही, असा त्याचा निकाल. आमची पहिली जाळी लाल आली.

आणखी एक विघ्न मराठीचं स्वतःचं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत सेटिंग न बदलता देवनागरी टाकली की ऱ्हस्व वेलांटी एक घर पुढे सरकते. ‘वाढदिवस’चा ‘वाढदविस’, ‘अभिनंदन’चं ‘अभनिंदन’. ते नीट यायला पसंतीच्या यादीत ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असा पर्याय निवडून फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडावं लागायचं. मालाडच्या पोराला ‘मिडल ईस्टर्न’ आपल्यासाठी आहे, हे सुचणार कसं? तेव्हा ‘वाढदविस’ साजरे झाले, आणि ज्यांचे झाले त्यांना त्यात काही कमी वाटलं नाही.

एवढं करून ऑपरेटरने आमचं नाव भिंतीवर बसवलं आणि मग खरी कारागिरी दाखवली. अक्षरांचा लेअर ‘मल्टिप्लाय’वर टाकला. म्हणजे खालच्या भिंतीचा पोत अक्षरांतून दिसू लागतो. पाहता पाहता ‘सहकारी’वरून गच्चीतल्या ओलीचा काळा ओघळ वाहिला, ‘गृहनिर्माण’च्या गाठीवर शेवाळ आलं, ‘मर्यादित’मधून एक जुनी भेग आरपार गेली. कबुतरांनी ‘संस्था’चं जे करायचं तेही केलं. पन्नास वर्षं ते नाव तिथेच होतं असं वाटावं, इतकं अस्सल. मी पोराला तिथल्या तिथे चहा पाजला.

कमिटीने प्रूफ पाहिलं.

“नवीन पाटी आणि आत्ताच एवढी खराब कशी?” खजिनदारकाका.

“गळती दिसतेय. बिल्डरने पाहिलं तर कॉर्पस कमी करेल.” हे सेक्रेटरी.

“शेवटची अक्षरं लहान झालीत,” अध्यक्षवहिनी चष्मा कपाळावर घेत म्हणाल्या, “बी विंग शेवटच्या टोकाला आहे म्हणून का?” वहिनी बी विंगच्या.

मी पर्स्पेक्टिव्ह समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि ठराव केला की अक्षरं सगळी सारखी, सोनेरी, मागून उजेड पडल्यासारखी असावीत. ती तशी झाली. ओघळ गेला, भेग गेली, कबुतरं गेली, आणि नाव भिंतीवरून उठून हवेत येऊन उभं राहिलं. अंक छान निघाला, सगळ्यांना आवडला.

या घोळात मला शाळेतली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट आठवली. महाराष्ट्रात वाढलेल्या प्रत्येक घरात कला संचालनालयाचं ते प्रमाणपत्र एका तरी फाइलमध्ये असतं. त्या परीक्षेत वस्तुचित्राचा पेपर वेगळा आणि भूमिती-अक्षरलेखनाचा वेगळा. एका पेपरात बादलीचं तोंड लंबगोल का दिसतं ते शिकायचं, दुसऱ्यात पट्टीने आखलेल्या चौकटींत अक्षरं सरळ उभी करायची. बादलीवर अक्षरं लिहायला कुणी सांगितलं नाही. मला वाटतं आपल्या सगळ्या फ्लेक्सचं मूळ त्या वेळापत्रकात आहे: चित्र एका पेपरात, अक्षर दुसऱ्या पेपरात. दोघांची गाठ पडते ती थेट नाक्यावर.

पण खरा धडा मिळाला तो आमच्यानंतर रांगेत असलेल्या कार्यकर्त्यामुळे. त्याला भाऊंच्या वाढदिवसाचं बॅनर हवं होतं, आणि ‘नेहमीचं नको, हॉलिवूडसारखं’ हवं होतं. मोबाइलवर त्याने ‘स्टार वॉर्स’ची सुरुवात दाखवली, पिवळी अक्षरं पायाशी सुरू होऊन लांब अंतराळात निघून जातात ती. १९७७ साली ही अक्षरं संगणकाने तिरकी केली नव्हती. छापलेला मजकूर खाली पसरून त्यावरून कॅमेरा फिरवला होता. ज्या कंपनीने त्या सिनेमाच्या करामती केल्या, तिथे पुढे कामाला असलेल्या जॉन नोल आणि त्याचा भाऊ थॉमस यांनी फोटोशॉप बनवलं. पहिली आवृत्ती १९९०ची. तेव्हा कार्यकर्त्याची मागणी घराण्याला धरूनच होती.

ऑपरेटरने लिंक रोडचा रात्रीचा फोटो घेतला, वर मेट्रोचा पूल, खाली मोकळा रस्ता (मोकळा रस्ता दुसऱ्या शहराचा होता), आणि मॅटर रस्त्यावर झोपवलं. पहिली ओळ भाऊंचं नाव, दुसरी पद, मग अभीष्टचिंतन, सगळ्यात खाली शुभेच्छुक. चारी कोपरे ओढले, वरची बाजू चेपली, खालची फाकवली. फारच झकास दिसत होतं.

कार्यकर्ता पडद्याजवळ वाकला. “भाऊ कुठे गेले?”

“ते काय वर. गोरेगावच्या बाजूला.”

“एवढेसे?”

“लांब आहेत ना, दादा.”

“आणि माझं नाव एवढं मोठं?”

“तुम्ही जवळ आहात.”

त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जो आनंद उमटला तो दडपायला त्याला कष्ट पडले. मग तो भानावर आला. “भावा, हे बॅनर भाऊंनी पाहिलं तर मी जवळ राहीन का?”

ओळी उलट्या लावून पाहिल्या. भाऊ खाली आले, मोठे झाले, पण पायाशी आले. “भाऊंवरून गाड्या जातायत असं वाटतंय.” मग रस्ता सोडून उड्डाणपुलाची भिंत घेतली आणि नाव डावीकडून उजवीकडे लांब जाताना दाखवलं. नाव दणदणीत, पण आडनाव तिकडे टोकाला पोचेपर्यंत बारीक.

“भाऊंचं आडनाव बारीक का?”

“पर्स्पेक्टिव्ह आहे.”

“अरे, आडनावावर तर सगळं आहे आपलं!”

भिंत पलटून आरशासारखी केली, तर आडनाव मोठं आणि नाव बारीक. “हे तर भाऊंच्या काकांचं बॅनर वाटतंय.” काका दुसऱ्या पक्षात आहेत. शेवटी ऑपरेटरने काही न बोलता जुनी फाइल उघडली, भाऊंचा चेहरा मधोमध ठेवला, पिवळ्या अक्षरांना लाल कड, कडेला पांढरा ग्लो मारला, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो पदाप्रमाणे लहान-मोठे लावले. दोन मिनिटांचं काम. कार्यकर्त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि आयलेट मजबूत मारायला सांगितले.

ते पासपोर्ट फोटो पाहताना माझ्या ध्यानात आलं की आपल्याकडेही लहान-मोठ्याचा कडक नियम आहे, फक्त तो अंतरावर चालत नाही. आपल्या कितीतरी जुन्या लघुचित्रांत राजा मोठा आणि चवरी ढाळणारा लहान असतो. दोघे एकाच गालिच्यावर असले तरी. फ्लॉरेन्समध्ये पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रुनेलेस्कीने जे रेषांचं गणित दाखवलं आणि अल्बेर्तीने १४३५ साली पुस्तकात मांडलं, त्यात कुणाचं पद विचारत नाहीत. तुम्ही उभे कुठे आणि डोळा कुठे, एवढंच. राजा लांब असेल तर राजा मुंगीएवढा. असलं गणित वॉर्ड पातळीवर राबवणं सोपं नाही. महाराष्ट्रात १९९५चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा आहे, बेकायदा फलकांवरून उच्च न्यायालयाने पालिकांना पुन्हा पुन्हा खडसावलंय, तरी बॅनर खाली उतरत नाहीत. तिथे पर्स्पेक्टिव्हसारखा नाजूक नियम कोण पाळणार?

वास्तविक खोट्याला खोली देण्यात मालाडला कुणी शिकवायची गरज नाही. हिमांशु राय आणि देविका राणींनी १९३४ साली बॉम्बे टॉकीज काढली ती मालाडलाच. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, कॅमेऱ्यामागे योसेफ विर्शिंग, सेट उभारायला कार्ल फॉन स्प्रेटी, सगळे जर्मनीहून आलेले. लाकूड, कापड आणि रंग यांतून गाव उभं करायचं आणि लोकांनी त्यावर विश्वास ठेवायचा, हे काम इथे रोज चालायचं. १९३६च्या ‘अछूत कन्या’ची गोष्ट रेल्वेच्या फाटकाभोवती फिरते, तिचा नायक अशोककुमार त्याआधी तिथल्या लॅबमध्ये काम करणारा. आज त्या कंपाउंडात लहान कारखाने आणि गाळे आहेत. पण अंगात मुरलेली विद्या कुठे जाते? ती बिल्डरांकडे गेली.

मालाडात अक्षराला पर्स्पेक्टिव्ह देण्यावर खर्च करणारा एकच वर्ग उरलाय, तो म्हणजे टॉवर विकणारा. त्यांच्या माहितीपत्रकात इमारत अजून पायातही नसते, पण तिच्या माथ्यावरचं नाव बघा! भिंतीच्या वळणाबरोबर वळलेलं, संध्याकाळच्या उन्हात एका बाजूने तापलेलं, सावलीसकट. व्हॅनिशिंग पॉइंट तंतोतंत. नाव इटालियन किंवा स्पॅनिश, कारण मराठी नावाला समुद्र दिसत नाही असा त्यांचा अनुभव असावा. कुरारची वस्ती पुसून तिथे हिरवळ येते, नाल्याचं तळं होतं, आणि राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, जो मालाड पूर्वेच्या मागे खरोखरच आहे, तो बाल्कनीच्या कठड्याला येऊन टेकतो. आमच्या ओघळलेल्या भिंतीवरचं खरं नाव कमिटीला खोटं वाटलं; या नसलेल्या भिंतीवरच्या नावाला लोक टोकन देऊन येतात. कागदावर फक्त एकच ओळ सपाट आणि बिनपर्स्पेक्टिव्हची असते. ती अगदी खाली, तांदळाच्या कणीएवढ्या अक्षरांत: ‘चित्र केवळ कल्पनेसाठी.’

आता आमचीही इमारत त्या वाटेने निघाली आहे. मागच्या आठवड्यात सादरीकरणात नव्या टॉवरचं चित्र दाखवलं, त्यावरचं नाव पाहून अध्यक्षवहिनी म्हणाल्या, “बघा, याला म्हणतात काम!” बी विंगकडची अक्षरं त्यातही लहान होती. कुणी काही बोललं नाही.

तेव्हा नवं घर बघायला निघणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. जाहिरातीवर पट्टी ठेवा. इमारतीवरच्या नावाची रेष आणि मजल्यांच्या रेषा लांबवा. त्या एका टिंबात मिळाल्या नाहीत तर चित्र घाईत केलंय. मिळाल्या तर जास्त जपून, ऑपरेटर चांगला पगार घेणारा आहे. मग कोपऱ्यातला क्यूआर कोड शोधा. १ ऑगस्ट २०२३पासून महारेराने तो जाहिरातीत सक्तीचा केलाय. त्या कोडच्या तीन कोपऱ्यांत चौकोन असतात. त्यांच्या आधाराने तुमचा मोबाइल तिरका दिसणारा कोड आधी सरळ करून घेतो आणि मगच वाचतो, म्हणजे ऑपरेटरने केलं त्याच्या नेमकं उलट. तो स्कॅन करा. महारेराच्या पानावर ना सूर्यास्त, ना डोंगर. तिथे सदनिकेचा कार्पेट एरिया चौरस मीटरमध्ये लिहिलेला असतो.